मी सारवलेली वहिनीची भिंत

या, असे जवळ या. आणखी थोडे. ऐकू कमी येतं ते मला, तुम्हाला नव्हे, तरी लांब बसून माना डोलावता आणि उठल्यावर एकमेकांना विचारता, म्हातारी काय म्हणत होती? आणि तो मोबाईल उलटा ठेवा आधी. परवा माझी नातसून त्याच्यावर माशीचा फोटो दाखवत होती. "आजी, बघा ना, पोटावर निळे पट्टे! किती गोड!" मी विचारलं, कुठली गं ही? म्हणाली, "फॉरेनची असेल." अगं बये, फॉरेनची कशाला असेल! ही माशी आपल्या मुरबाडात भिंतीभिंतीत राहत होती. तुम्हाला फोटोतली माशी गोड लागते आणि खिडकीत आलेल्या माशीवर फवारा मारता... पण जाऊ दे. मी तरी कोणत्या तोंडानं रागावते? तुम्हाला माहीतच नव्हतं, तुमच्या हातून चूक झाली तर समजण्यासारखं आहे. मला सगळं माहीत होतं.

माझी वहिनी गेली. माझ्या थोरल्या भावाची बायको, यमुनावहिनी. दीड महिना होत आला. श्रावणातली सकाळ होती, मी आसनगावला माझ्या घरी बिरड्याचे वाल सोलत बसले होते आणि भाच्याचा फोन आला. महेश एरवी "आत्या, कशी हायस?" म्हणून सुरुवात करतो. त्या दिवशी एकदम म्हणाला, "आत्या... आई गेली गो. चहा घेतला आन् भिंतीला टेकून बसली ती बसलीच." मी हातातला वाल सोलून पूर्ण केला, मग रडले. माणसाचं असं का होतं, कोणास ठाऊक. पोरानं गाडी काढली. मुरबाड गेलं, टोकावड्याचा रस्ता लागला, आणि मला एकच वाटत होतं... की तिला एक गोष्ट सांगायची होती, सहा-सात वर्षं सांगायची होती, आणि आता राहिली.

माझं माहेर टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून आत. वहिनी त्या घरात आली तेव्हा मी दहा वर्षांची होते. ती वैशाखऱ्याकडची, रानाला लागून घर, त्यामुळे तिचे डोळे आमच्यासारखे नव्हते. आम्ही चालताना वाट बघायचो, ती वाटेच्या कडेचं सगळं बघायची. मी एवढीशी पोर, पण मला "वन्सं, तुमी" म्हणायची, शेवटपर्यंत म्हणाली. मी मात्र तिला अगंतुगं. आमच्या आईनं एकदा तिला सांगितलं, अगो तिला कशाला तुमी म्हणतेस, शेंबडी हाय ती. तर वहिनी म्हणाली, "शेंबूड पुसला जाईल सासूबाय, नणंद नणंदच ऱ्हाणार." आई हसली आणि तो विषय तिथंच संपला.

आग्या, सातेरी, फुलोरी, पोया या माशा आम्हाला माहीत होत्या. मध देतात, म्हणून नावं होती. वहिनीनं मला ज्या दाखवल्या त्यांना नावंच नव्हती. "मध देत नाय तिला नाव कोन ठेवणार?" म्हणायची, आणि मग आपणच ठेवायची. तुरीचं पान गोल कातरून, गुंडाळून नेणारी ती पानकापी. वाळक्या काडीच्या पोकळीत बिऱ्हाड करणारी ती काडीवाली. उघड्या जमिनीत बोटभर भोक पाडून, कडेनं मातीचा बारीक ढीग रचणारी ती भुईतली. ह्यांची पोळी नसतात, राणी नसते. एकेक बाई आपापलं घर करते, आपापली पोरं वाढवते. आणि या सगळ्यांत वहिनीची लाडकी म्हणजे पट्टेवाली, फोटोतली ती. आमच्या मागल्या पडवीच्या मातीच्या भिंतीत तिची वस्ती होती. कार्तिकाचं ऊन भिंतीवर चढलं की शंभरेक भोकांतून ये-जा सुरू व्हायची, आणि असा आवाज, जसं कुणी लांबवर जातं ओढतंय.

एकदा तिन्हीसांजेला वहिनीनं मला हात धरून परसात नेलं. गवताची एक वाळकी काडी होती आणि तिच्यावर रांगेत दहा-बारा माशा, नुसत्या तोंडानं काडी धरून, पाय मोकळे सोडून झोपलेल्या. मी म्हटलं, वैनी, या मेल्या काय? ती म्हणाली, "मेल्या कशाला? बाप्ये हायत ते. बायका भिंतीत झोपतात, बाप्यांना घरात घेत नायत." आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली! पडवीत दादा विडी ओढत बसला होता. "काय झालं गो?" त्यानं विचारलं. "काय नाय," वहिनी म्हणाली, "आज तुमचं अंथरूण परसात टाकू म्हन्ते."

आता एक नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. त्या काळी दिवाळीच्या आधी घरोघरी भिंती सारवायच्या. वहिनी येण्याआधी आमची मागलीसुद्धा. माती आणि शेणाचा हात फिरवला की भोकं बुजायची, त्यातल्या माशा मरत असणार, कोण बघत होतं? पण चार दिवसांनी पुन्हा नवी भोकं दिसायची. वहिनीनं मला तेव्हाच सांगितलं होतं की ह्या त्याच माशा नव्हेत. आपली भिंत सारवली तर शेजारच्या काकूची सारवायची राहिलेली असते, तिची सारवली तर वाडीतल्या गोठ्याची असतेच. "ह्यांची सोयरिक वाडीभर हाय," ती म्हणायची. एक घर बुजलं तर दुसऱ्या घरचे येऊन राहतात. तरी आमच्या मागल्या भिंतीच्या वरच्या भागाला तिनं घरात आल्यापासून कुणाचा हात लागू दिला नाही. कंबरेच्या वर एक पट्टा कोरा सोडायची. शेजारणी टोमणे मारायच्या, यमुनाबायचं शेण संपलं वाटतं! ती म्हणायची, "तेवढा भाग माझ्या भाडेकरूंचा हाय."

माझं लग्न होऊन मी शहापूर तालुक्यात, आसनगावला आले. तेव्हा आमच्या घरामागे उघडा माळ होता. वहिनी पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आली तेव्हा मी माळावर पापड वाळत घालायला निघाले, तर तिनं मला अडवलं. "वन्सं, थांबा, खाली बघा." बघते तर बाजलं मावेल एवढ्या जागेत भुईतल्यांची भोकंच भोकं. आम्ही दोघी पापड घेऊन छपरावर चढलो. माझ्या सासूबाई खालून ओरडत होत्या, खाली एवढी जागा सोडून ह्या घोरपडी वर कशाला चढल्या!

मग ती दर दोन-चार वर्षांनी येत राहिली, आणि आल्या आल्या मागल्या दाराला जायची. एका वेळी माळावर चुन्यानं रंगवलेले हद्दीचे दगड होते. पुढच्या वेळी तारेचं कुंपण. मग बंगले आले, बंगल्यांभोवती लॉन आलं, गालिच्यासारखं हिरवंगार, आणि त्यात एकही फूल नाही. मग मोठ्या इमारती. आमच्याच अंगणात माझ्या मुलांनी पेव्हर ब्लॉक टाकले, आणि खोटं कशाला बोलू, मीच म्हटलं होतं टाका म्हणून. पावसात चिखल तुडवून मी कंटाळले होते. वहिनी त्या ब्लॉकवर उभी राहून पायाच्या अंगठ्यानं फट चाचपत होती. "झकास झालं वन्सं, पाय मळत नाय," म्हणाली. मग जरा वेळानं, "तुरीला पान कापलेलं नाय दिसत ह्या वर्षी." मी म्हटलं, तूर कुठं आहे वैनी आता? हे पाम आहेत. "हां, पाम," ती म्हणाली.

शेवटच्या खेपेला समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लागलं होतं. मी खुशीत तिला दाखवलं, की बघ, माशा आहेत की आमच्याकडं! ती बराच वेळ वर बघत राहिली. "ही मोठी धीट," म्हणाली. "हिला कडा नाय मिळाला तर टाकी चालते. लांबवर उडून पोट भरते. बारकीचं तसं नाय वन्सं. तिला घराजवळच फूल लागतं, आन् घरापुरती माती." असं मला कोणी पुस्तकातून सांगितलं असतं तर विसरले असते. आठ दिवसांनी माणसं बोलावून तेही मोहोळ धूर करून पाडलं, लहान मुलांना चावतात म्हणून. मी ते वहिनीला कळवलं नाही.

आता माझ्या हातून झालं ते सांगते. नात पूजाचा, म्हणजे महेशच्या मुलीचा साखरपुडा ठरला. पाहुणे बदलापूरचे, फ्लॅटमध्ये राहणारे. दिवाळी होऊन गेलेली. वहिनीचा मोतीबिंदू पिकला होता, नेमकी त्याच दोन दिवसांत मुरबाडच्या दवाखान्यात तारीख मिळाली. महेश तिला घेऊन गेला आणि मी माहेरी मदतीला आले. तोपर्यंत घराचा पुढचा भाग पक्का झाला होता, फरशी, रंग, सगळं. मागली पडवी तेवढी जुनी. महेशची बायको सविता म्हणाली, "आत्या, पाहुणे हात धुवायला मागं जातील, ती भिंत कशी दिसते बघा ना. चाळणीसारखी." आणि मला लाज वाटली. हो, लाज. आसनगावला एवढी वर्षं राहून मला माझ्या माहेरची माती बदलापूरच्या माणसांना दाखवायची लाज वाटली.

पहाटेचा गारवा होता, ऊन यायला अवकाश होता. माशी एकही बाहेर दिसत नव्हती. सविता म्हणाली, "आईंना इचारायला नको?" मी म्हटलं, अगो, मी ह्या घरची लेक, मला कोण विचारतं! आणि वर्षावर्षाला सारवायचोच ना आमी, चार दिवसांत परत येतात त्या. घमेल्यात माती-शेण कालवलं आणि बसले. हात चांगला चालत होता. कोरा पट्टा आला तेव्हा थांबले नाही. एकेका भोकात बोटानं गोळा दाबायचा आणि वरून हात फिरवायचा... मला सांगायला नको वाटतं, पण त्यात मला मजा वाटत होती. भिंत लोण्यासारखी गुळगुळीत झाली.

उन्हं चढली तेव्हा कुठूनशा पाच-सहा माशा आल्या. भिंतीसमोर हवेत थांबल्या, जागच्या जागी, अशा, हातभर अंतरावर. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. आपल्या दाराची खूण शोधत होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की बाकीच्या आत आहेत. पहाटे जवळजवळ सगळ्या बायका घरातच असतात, हे मला दहाव्या वर्षापासून माहीत होतं. मी पाणी घेतलं, हात धुतले आणि पाहुण्यांचे पोहे करायला आत गेले.

साखरपुडा छान झाला. मागे हात धुवायला कोणी गेलंच नाही, पुढंच बेसिन होतं.

वहिनी डोळ्याला हिरवं फडकं लावून आली. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, मला मागं ऊन खायला न्या. मी तिला भिंतीपाशी बसवलं. थोडा वेळ गेला. मग तिनं मान वाकडी केली. "वन्सं, आवाज का नाय येत?" मी म्हटलं, "ऊन कमी हाय वैनी आज." आमच्या दोघींच्या पाठी भाजत होत्या. ती म्हणाली, "हां... असंल."

एवढंच. पुढं कधी त्याच्यावर बोलणं झालं नाही. मी वाट बघत होते की चार दिवसांनी येतील, महिन्याने येतील. पण आता वाडीत बघते तर मातीची भिंत कुणाची उरली होती? काकूचं घर स्लॅबचं, गोठे पत्र्याचे आणि कोबा केलेले, रस्त्याकडच्या वरकस माळजमिनीवर फार्महाउस आणि तिथंही तेच लॉन. सोयरे कुठून येणार? चाळीस वर्षांपूर्वी ह्याच हातानं हीच भिंत सारवली असती तर काही बिघडलं नसतं. हात तोच होता. भोवतालचं गाव बदललं होतं, आणि ते बदलताना मी आसनगावात आधीच एकदा बघितलं होतं, तरी मला सुचलं नाही.

पुढच्या वर्षी गेले तर भिंतीवर छत्रीच्या काडीनं पाडलेली भोकं होती, ओळीनं. वहिनीनंच पाडलेली. त्या वर्षी तीन-चार आल्या म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षी एक. मग नाहीच. परसातली वांगी धरायची, पण बारीक, कुबड्यासारखी वाकडी. वहिनी सकाळी उठून वांग्याच्या एकेका फुलाला बोटानं टिचक्या मारत, पराग झाडत हिंडायची. महेश म्हणायचा, आई, डोकं फिरलं काय तुझं? ती म्हणायची, "भाडेकरू गेले बाबा, आता त्यांचं काम माझ्याकडं." मी तिथंच उभी असायचे. मनाशी म्हणायचे, आज सांगू. मग वाटायचं, आज नको, आज सण आहे. आज नको, घरात माणसं आहेत. आषाढात गेले तेव्हा ती अंथरुणावर होती आणि मी मनाशी ठरवूनच गेले होते. सविता चहा घेऊन आली, शेजारची बाई विचारपूस करायला आली, आणि माझी शेवटची एसटी यायची वेळ झाली. मी तिचे पाय दाबले. तिला वाटलं असेल, नणंद माया करते आहे.

तेराव्याला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर महेशनं विषय काढला, मागली पडवी पाडून तिथं संडास-बाथरूम घ्यायचं, स्लॅब टाकायचा. सगळ्यांनी माना हलवल्या. "आत्या, तुझं काय म्हन्नं?" त्यानं रीत म्हणून विचारलं. माझ्या तोंडून निघालं, भिंत पाडू नको. "अगो, रिकामी भिंत ठेवून काय करू? माशा पन नायत आता तिच्यात." मग मी सांगितलं. भाऊबंद, सुना, पूजाचा नवरा, सगळ्यांसमोर. की माशा आपल्या आपण गेल्या नाहीत, मी पुरल्या. आणि वहिनीनं विचारलं तेव्हा खोटं बोलले.

सविता उठली आणि माझ्याजवळ येऊन बसली. "आत्या, आईंना माहीत होतं ते," म्हणाली. मी म्हटलं, तू सांगितलंस? "नाय वो. तुमी आसनगावला गेलात त्याच दिवशी, डोळ्याला फडकं असताना, त्या भिंतीवर हात फिरवत होत्या. मला म्हनाल्या, सविता, हे तुझं सारवण नाय, हा डावा हात हाय."

मी डावखुरी. आमच्या घरात मी एकटीच डावखुरी. सारवताना सगळ्यांची कमान एका बाजूला पडते, माझी दुसऱ्या. "मग? आनखी काय म्हनाली?" मी विचारलं. सविता म्हणाली, "म्हनाल्या, वन्संना बोलू नको. माहेरी येतात चार दिवस, त्यांचं येनं बंद होईल."

सात वर्षं ती माझ्या येण्याला जपत होती, आणि मी तिच्यापासून तोंड लपवत होते. एका भिंतीपाशी आम्ही दोघी बसायचो, दोघींना माहीत, आणि बोलायचो कशावर, तर भावकीच्या लग्नांवर. मी एकदा म्हटलं असतं, वैनी, चुकलं गो माझं... ती काय म्हणाली असती तेही मला ठाऊक आहे. काहीतरी गमतीचं बोलली असती आणि मग आम्ही दोघींनी मिळून, वेळ हातात असताना, वैशाखऱ्याकडं तिच्या भावाकडं अजून मातीची घरं आहेत तिथून काही करता येतं का ते बघितलं असतं. तेव्हा उशीर झाला नव्हता. माशा काही एका दिवसात संपत नाहीत. गप्प राहण्यात माझी वर्षं गेली आणि त्यात त्या गेल्या.

महेश म्हणाला, "एक हिवाळा थांबतो आत्या. होळीपर्यंत." तेवढं पुरे आहे, किंवा नाही, बघू. भिंतीवरचा माझा हात मी खरवडून काढला आहे, सविता आणि मी मिळून. परसात तूर लावली आहे, तुळशीची रोपं लावली आहेत, एक तुकडा जमीन नुसती उघडी सोडली आहे. दसरा झाला की मी तिकडेच राहायला जाणार. पडवीचा जो लाकडी खांब आहे त्याला एका जागी पाठीच्या उंचीवर चकाकी आली आहे, तेल लावल्यासारखी. वहिनी तिथं टेकायची. मी तिथं बसत नाही, शेजारी बसते.

पण एकटीचे डोळे पुरत नाहीत, आणि आता काय ऐकू येतं आणि काय नुसतं वाटतं याचा मला भरवसा राहिला नाही. तुम्ही या. पोराबाळांना घेऊन या. टोकावड्याच्या अलीकडे उतरा, यमुनाबायचं घर विचारा, कुणीही दाखवेल. पुढच्या दारी हाक मारू नका, बाजूनं सरळ मागे या आणि माझ्याजवळ गुपचूप बसा. मला एवढंच सांगा, काही येतंय का. होळी काही लांब नाही... लवकर या.